स्वयंपाकघरातली जुनी सागवानी कपाटं गडद करताना: कामाच्या नोंदी

२८ एप्रिल २०२४, रविवार

आमचं स्वयंपाकघर १९९१ सालचं. फ्लॅट कोथरूडचा. सासऱ्यांनी सुताराला दोन महिने घरीच कामाला बसवून कपाटं करून घेतली होती. सागवानाच्या चौकटी, मधे सागाचं व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेला प्लाय आणि वर त्या काळच्या आवडीचं पिवळं, चकचकीत पॉलिश. एकूण १४ दारं, ५ खण. तेहतीस वर्षांत पिवळ्याचं नारिंगी झालंय आणि गॅसच्या बाजूला तर तपकिरी-काळं. लाकूड कुठे संपतं नि फोडणी कुठे सुरू होते ते कळत नाही.

मॉड्युलर किचनवाल्याने २,६०,००० सांगितले. वर "जुनं सगळं आम्हीच उचलून नेऊ" असंही म्हणाला. ते ऐकून आई (माझ्या सासूबाई) काही न बोलता आत निघून गेल्या. विषय तिथेच संपला. पॉलिशवाले चाचा २८,००० म्हणाले, पण जून संपेपर्यंत त्यांना सवड नाही. म्हटलं, आपणच करू. माझा अंदाज तीन शनिवार-रविवार आणि दहा हजार रुपये. हे दोन्ही आकडे आत्ताच लिहून ठेवते, नंतर बदलायला नकोत.

आज एवढंच तपासलं की जुनं पॉलिश कशाचं आहे. एका दाराच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा दोन मिनिटं दाबून धरला. पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागलं, म्हणजे चपडा लाख. बाहेरच्या बाजूला मात्र स्पिरिटने काही झालं नाही, थिनरनेही नाही. आई म्हणाल्या, "अगं, तुझ्या लग्नाच्या वेळी वरून व्हार्निश मारलं होतं ना." म्हणजे खाली लाख, वर व्हार्निश. यावर थेट स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) फासला तर तो लाकडात शिरणारच नाही, वर बसून राहील नि नखाने निघेल. सगळं उतरवावं लागणार.

४ मे, शनिवार

काल रात्री भांडी हॉलमध्ये हलवली. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवला, बोळात टेबलावर इंडक्शन मांडलं आणि दुपारचा डबा लावला.

दारं काढायला तास लागेल असं वाटलं होतं, साडेतीन तास लागले. बिजागऱ्यांचे स्क्रू पितळेचे, एका खाचेचे, आणि खाचा व्हार्निशने बुजलेल्या. जोर लावला की पेचकस घसरतो नि खाच सोलवटते. चार स्क्रूंची डोकी अशी घालवल्यावर शहाणपण आलं. आधी टोच्याने खाच कोरून साफ करायची, पेचकस खाचेत बसवून वर हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा, मग फिरवायचा. पुढचे सगळे निघाले.

मुठी काढल्यावर प्रत्येक मुठीखाली रुपयाएवढं गोल दिसलं, मूळ रंगाचं. फिकट, मधासारखं. आई बराच वेळ बघत होत्या. "असं होतं होय हे," म्हणाल्या.

प्रत्येक दाराला मास्किंग टेप लावून मार्करने नंबर घातले. ही माझी पहिली चूक. का ते उद्याच्या नोंदीत.

५ मे, रविवार

बाल्कनीत धुलाई. कडकडीत पाणी, अर्ध्या बादलीला मूठभर धुण्याचा सोडा, प्लॅस्टिकचा ब्रश. गॅसच्या बाजूच्या दारांवरचा राप बोटाने ओढला की गोळा होत होता, मेणासारखा. पाचच दारांत बादलीतलं पाणी चहासारखं झालं. रिमूव्हरच्या (जुना थर सोलवणाऱ्या रसायनाच्या) आधी हे करावंच लागतं. तेलकट थरावर रिमूव्हर फुकट जातो आणि तेल राहिलं तर काचकागद घासताना ते लाकडातच रगडलं जातं.

दोन गोष्टी. सोड्याच्या पाण्यात दार भिजवत ठेवायचं नाही. लावायचं, घासायचं, लगेच साध्या पाण्याने पुसायचं. मी एक दार फोन घ्यायला म्हणून तसंच ठेवलं तर खालच्या कोपऱ्यातलं व्हिनियर सुटून वर आलं. शिवाय सोड्याने साग काळवंडतो, तो वेगळाच व्याप.

आणि नंबर. सगळ्या टेपा पाण्यात गळून पडल्या. भिंतीला टेकवून ठेवलेली १४ दारं, एकमेकांसारखी पण एकही दुसऱ्याच्या मापाचं नाही. हाताने केलेलं काम, प्रत्येकात दोन-तीन मिलिमीटरचा फरक. मी डोक्याला हात लावून बसले.

संध्याकाळी पुसताना एका दाराच्या वरच्या कडेला पटाशीचे बारीक वार दिसले. शेजारी शेजारी तीन. दुसऱ्या दारावर पाच. चौकटीच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला तर तिथेही तसेच वार. सुताराने १९९१ मध्येच नंबर घालून ठेवले होते, तेही न पुसले जाणारे. दहाच्या पुढे त्याने एक आडवा वार आणि मग उभे असं केलंय. अर्ध्या तासात सगळी दारं जुळली. तुम्ही करणार असाल तर टेपेच्या भानगडीत पडू नका. बिजागरीच्या खाचेत खिळ्याने नंबर कोरा, तो भाग झाकलाच जातो.

१० मे, शुक्रवार (अक्षय्य तृतीया)

संध्याकाळी रिमूव्हरचा डबा उघडला. स्वयंपाकघरातल्या चौकटी भिंतीतच आहेत, त्या जागेवरच सोलायच्या होत्या. ब्रश बुडवला आणि मागून आई ओरडल्या, "अगं निरांजन!" आमचं देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. सणाचा दिवस, निरांजन तेवतंय आणि मी सहा फुटांवर थिनरची बाटली नि रिमूव्हर उघडून बसलेली. सिलिंडर काढायची आठवण ठेवली, देव विसरले. आजपासून देव हॉलमध्ये, टीव्हीशेजारच्या शेल्फवर. काम संपेपर्यंत तिथेच.

दुसरं म्हणजे भांडी घासायचे पातळ हातमोजे रिमूव्हरने दहा मिनिटांत फुगले आणि बोटं चुरचुरायला लागली. हात धुऊन थांबले. जाड रबरी मोजे उद्या आणणार. आमरस मात्र झाला, तो चुकला नाही.

१३ मे, सोमवार

मतदानाची सुट्टी. सकाळी सातला मत देऊन आलो आणि दिवसभर खरवडलं.

रिमूव्हर कसा लावायचा हे मला तिसऱ्या दारावर कळलं. रंगासारखा ओढायचा नाही, जाड थापायचा, आणि पुन्हा त्यावर ब्रश फिरवायचा नाही. वरून प्लॅस्टिकची पिशवी कापून अंथरायची म्हणजे वाळत नाही. वीस मिनिटांनी व्हार्निश सुरकुततं. मग पत्रीने (खरवडायच्या पात्याने) लाकडाच्या दोऱ्याच्या, म्हणजे रेषांच्या दिशेने ढकलत न्यायचं. पत्रीचे दोन्ही कोपरे आधी कानशीने गोल करून घ्या, नाहीतर ते लाकडात रुततात. माझ्या चार नंबरच्या दारावर अशी एक रेघ कायमची आहे.

व्हार्निश निघालं, खालची लाख गोंदासारखी चिकटून राहिली. तिच्यासाठी स्पिरिट आणि लोखंडी काथ्या. नवरा काथ्याने घासत होता, मी मागून ओल्या फडक्याने पुसत होते. काम झरझर होत होतं. संध्याकाळी सहापर्यंत ९ दारं उघडी, फिकट, सुंदर. डाव्या तर्जनीला मतदानाची शाई, बाकी नऊ बोटं लाखेने तपकिरी.

१५ मे, बुधवार

नऊही दारांवर काळे-निळे ठिपके. मिरी सांडल्यासारखे.

लोखंडी काथ्याचे बारीक तुकडे लाकडाच्या छिद्रांत अडकले, त्यावर मी प्रेमाने ओलं फडकं फिरवलं, आणि सागातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली. शाई करायची जुनी रीत हीच. मी दारांवर शाई केली. कागदाने घासून बघितलं, ठिपका खोल गेलेला. गडद स्टेनखाली लपेल असं नवऱ्याचं मत. मला तसं वाटेना, कारण स्टेन पारदर्शक असतो, खालचं सगळं दाखवतो.

रविवार पेठेतल्या केमिकलच्या दुकानातून ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणलं, पांढरे खडे, १०० ग्रॅम. प्लॅस्टिकच्या मगात अर्धा लिटर गरम पाणी, त्यात चार चमचे. हे विषारी आहे. तो मग नि चमचा नंतर फेकून दिले. ब्रशने लावलं आणि डोळ्यांदेखत ठिपके विरले. पण मी फक्त ठिपक्यांवरच लावलं होतं. वाळल्यावर तिथे पांढुरकी गोलं उठली, कारण हे सगळंच लाकूड उजळवतं. मग सगळ्या दारावर एकसारखं लावायला लागलं, कडेपासून कडेपर्यंत. त्यानंतर तीनदा साध्या पाण्याने पुसलं. वाळलेले खडे लाकडावर राहिले नि त्यावर कागद मारला तर ती भुकटी नाकाघशाला लागते.

उरलेल्या पाच दारांना नि चौकटींना लोखंडी काथ्या लावला नाही. भांडी घासायचा हिरवा स्कॉचब्राइट वापरला, काम तेवढंच झालं. सबंध चार संध्याकाळी गेल्या, त्याही काही रुपयांच्या काथ्यापायी.

१८ मे, शनिवार

ऑर्बिटल सँडर विकत घेतला, ३,४०० रुपये. भाड्याने मिळतो, पण आमचं काम किती दिवस चालेल याचा आता भरवसा राहिलेला नाही.

८० नंबरचा, खरखरीत कागद लावला आणि सहा नंबरच्या दाराच्या मधल्या फळीवर फिरवला. दहा सेकंदांत मधोमध तळहाताएवढा फिकट, वेगळ्याच दोऱ्याचा डाग उमटला. तो डाग नव्हता, प्लाय होता. व्हिनियर अर्ध्या मिलिमीटरचंही नसतं. जुन्या काळी जाड असायचं वगैरे मी ऐकून होते, ते माझ्या दारांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचा नियम: व्हिनियरवर मशीन नाही. हाताने, लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून, १५० पासून सुरू. चौकटींचा साग भरीव आहे, तिथे मशीन चालतं, १२० मग १८०. बाल्कनीची दारं बंद करून, नाकाला मास्क लावून. सागाची धूळ नाकात चुरचुरते आणि आईंच्या तुळशीवर तिचा पिवळा थर बसला, त्याबद्दल वेगळं ऐकून घेतलं.

२५ मे, शनिवार

सहा नंबरच्या दाराचं काय करायचं यावर आठवडाभर खल झाला. दार उलटं लावावं तर आतली जुनी लाख बाहेर आली असती. प्लायवर ब्रशने स्टेन लावून दोरे रंगवून बघितले, ते शाळेतल्या चित्रकलेच्या तासासारखं दिसायला लागलं. शेवटी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेले. व्हिनियर आठ बाय चारच्या अख्ख्या शीटमध्येच विकतात. चार दुकानांनी नाही म्हटलं. पाचव्याने कोपऱ्यातला कापून उरलेला तुकडा १५० रुपयांत दिला. "ताई, साग आहे, पण तुमच्या सागाचा भाऊ नाही," हेही सांगितलं. खरं निघालं. दोऱ्याची चाल वेगळी, रंग किंचित हिरवट.

फेविकॉल पातळ लावून चिकटवलं. वर प्लॅस्टिक, त्यावर प्लायचा तुकडा, त्यावर पाटा आणि वरवंटा. रात्रभर. सकाळी कडेचं जास्तीचं ब्लेडने कापलं. कोपऱ्यातलं सुटलेलं व्हिनियरही असंच बसवलं, इंजेक्शनच्या सिरिंजने आत फेविकॉल सोडून.

जुन्या भोकांना लांबी (भोकं बुजवायचा लगदा) भरली. दुकानात तयार मिळते ती फिकट गुलाबी असते आणि स्टेन घेत नाही. मी सागाची घासलेली धूळ फेविकॉलमध्ये कालवून भरली. चूक. तीही स्टेन घेत नाही, फेविकॉल लाकडाची तोंडं बुजवतो. हे मला आठवड्याने कळलं. लांबीतच आधी गडद रंग कालवून भरायला हवी होती.

२६ मे, रविवार

नमुने. खणांच्या पाठीमागच्या बाजूला, जी कुणी बघत नाही. दुकानातल्या रंगपत्रिकेवर जो अक्रोडी दिसतो तो आमच्या सागावर विटकरी झाला. साग मुळात पिवळा, त्यावर तांबूस तपकिरी चढला की लालच होणार. मग काळा स्टेन थोडा थोडा घालत गेले. ४ भाग अक्रोडीला १ भाग काळा म्हणजे कोळसा. १२ ला १ म्हणजे अजून लाल. ८ ला १ बरोबर वाटला. चारही नमुन्यांवर स्पिरिटचं फडकं फिरवून बघितलं, कारण स्टेन वाळला की राखाडी, मेलेला दिसतो. ओला असताना जो रंग दिसतो तोच वरचा थर चढल्यावर दिसणार.

आईंना दाखवलं. "काळं करून ठेवणार तू. मग अंधारात पोळ्या लाटायच्या का मी?" मी म्हटलं, "आई, वरच्या कपाटाखाली दिव्याची पट्टी लावून देते." "देतेस ना? मग कर."

१ जून, शनिवार

ज्या दिवसाची वाट बघत होते तो दिवस, आणि दुपारी दोनपर्यंत मी रडकुंडीला आलेली.

स्टेन थिनरवर चालणारा, उन्हाळा, पंखा चालू. फडक्याने एक पट्टा ओढून दुसरा ओढेपर्यंत पहिला वाळलेला. जिथे दोन पट्टे एकमेकांवर आले तिथे दुप्पट गडद. एका दारावर झेब्रा. शिवाय जिथे जुन्या सांध्यातून ओघळलेल्या फेविकॉलचे थेंब राहिले होते तिथे पांढरे ठिपके, आणि लांबीच्या जागी पांढरे टिकले. चौकटीच्या उभ्या पट्ट्यांच्या वरच्या टोकाला, जिथे दोरे तुटून उघडे असतात, तिथे स्टेन ढसाढसा प्यायला गेला आणि टोकं काळी ठिक्कर.

आणि चार दारं बाकीच्यांपेक्षा फिकट. एकच डबा, एकच फडकं, एकच हात. शेवटी नवऱ्याने सांगितलं की त्याच्या वाटची दारं त्याने ३२० पर्यंत घासली होती, "म्हणजे गुळगुळीत होतील". झाली गुळगुळीत. इतकी की स्टेनला शिरायला जागाच उरली नाही. मी १८० वर थांबले होते. दोघं मिळून करणार असाल तर कितीवर थांबायचं ते कागदावर लिहून भिंतीला लावा.

२ जून, रविवार

झेब्रा थिनरच्या फडक्याने पुसून काढला, पूर्ण नाही पण पुरेसा. फेविकॉलचे थेंब ब्लेडने खरवडले. नवऱ्याची चार दारं पुन्हा १८० ने हाताने, निमूटपणे, त्याच्याकडूनच.

आज पद्धत बदलली. स्टेनमध्ये निम्मा थिनर, म्हणजे एका हातात कमी रंग, आणि असे तीन हात. पंखा बंद. दार आडवं ठेवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच ओढीत जायचं, मधे थांबायचं नाही, आणि फडकं चांगलं भिजलेलं ठेवायचं. आधी मधली फळी, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. टोकांना आधी अगदी पातळ लाख लावून ठेवली, त्यामुळे ती आता बाकीच्यांइतकीच गडद. पट्टे जुळले. १४ दारं, ५ खण आणि चौकटी मिळून पाच तास. या सगळ्या उपद्व्यापात प्रत्यक्ष रंगाचं काम एवढंच.

लांबीचे पांढरे टिकले मात्र राहिले. ते बारीक ब्रशने, गडद रंग लाखेत कालवून एकेक टिपले. एकूण ३१.

फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली नाहीत. बाल्कनीत दोरीवर पसरून पूर्ण वाळू दिली, मग टाकली. घरात थिनरची फडकी कोंबून ठेवायची नाहीत.

४ जून, मंगळवार

हॉलमध्ये निकाल चाललेत. मी स्वयंपाकघरात. दारं वाळून राखाडी, कोरडी, शाडूच्या मूर्तीसारखी. २६ मेची नोंद स्वतःच वाचून काढली, मग जरा धीर आला.

एका खणावर सँडिंग सीलर (वरच्या थराआधी लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) लावून बघितला. ब्रश पुढे-मागे, पुढे-मागे फिरवला आणि स्टेन ब्रशबरोबर उचलून आला, कारण दोघेही थिनरवरचे. एका दिशेने, एकदाच, उचलून पुढे. पुन्हा त्याच जागी ब्रश नाही.

८ जून, शनिवार

सकाळी आकाश भरलेलं होतं, तरी सुरुवात केली. रविवारी संपवायचंच होतं. आठ दारांना सीलर लावून झाला आणि दुपारी जो कोसळला तो थांबेचना. पुण्यात मान्सून आला, आणि तो सरळ माझ्या दारांवर. हाताने लावलेला सीलर डोळ्यांसमोर दुधाळ झाला. गडद अक्रोडीवर पांढरा धुरकट पडदा, थंडीत आरशावर वाफ धरावी तसा.

थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते, ती सीलरमध्ये अडकते. हे मला दुकानात कळलं. पुसून जात नाही, वाळूनही जात नाही. मी हेअर ड्रायर मारला, एका ठिकाणी फोड आला.

१५ जून, शनिवार

आठवडा नुसता वाट बघण्यात गेला. बोहरी आळीतले दुकानदार हसले, "ताई, पावसात सीलर कोण मारतं?" पण उपाय दिला. सावकाश उडणारा थिनर, रिटार्डर म्हणतात तो. नेहमीच्या थिनरमध्ये थोडा घालून बोळ्याने त्या दुधाळ थरावर अगदी हलका हात फिरवायचा. वरचा थर किंचित सैल होतो, अडकलेली ओल निघून जाते, आणि तो परत पारदर्शक होऊन बसतो. दुपारी १२ ते ३ उघडीप होती तेवढ्यात केलं. आठपैकी सात दारं साफ. आठव्यावर मी बोळा जास्त दाबला, स्टेनही सुटला, ते दार पुन्हा १८० पासून. ते चार नंबरचंच होतं, पत्रीची रेघ असलेलं.

२२-२३ जून

वरचा थर मेलामाइनचा. दोन डब्यांतला, हार्डनर घालून वापरायचा. पाण्याच्या शिंतोड्याला आणि गरम भांड्याला लाखेपेक्षा कितीतरी टिकाऊ. सीलरवर ३२० चा कागद (आता चालतो), धूळ पुसून, दोन पातळ हात, मधे एक रात्र. चकचकीत नको होता म्हणून मॅट घेतला. चकचकीत थर प्रत्येक चूक दाखवतो आणि माझ्याकडे दाखवण्यासारख्या बऱ्याच होत्या.

वास फार. डोळ्यांतून पाणी येत होतं, तीन दिवस टिकला. आईंना नणंदेकडे पाठवलं ते बरं झालं. मास्क साधा कापडी चालत नाही, वास गाळणारी डबी असलेला लागतो. कालवलेलं मेलामाइन दुसऱ्या दिवसापर्यंत मगातच घट्ट झालं, सुमारे २०० मिली फुकट. लागेल तेवढंच कालवा.

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात, रस्ते बंद, घरातून कुणी कुठे जाणार नव्हतं. दारं लावायला याहून चांगला दिवस नव्हता.

जुन्या स्क्रूंची भोकं सैल झाली होती. आगकाड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकल्या, कापल्या, वाळू दिल्या, त्यावर स्क्रू. पितळी बिजागऱ्या जुन्याच ठेवल्या, चिंचेने घासून. मुठी नवीन घेतल्या, त्यात ४,२२० गेले आणि ते मला अजूनही जास्त वाटतात.

हिशेब. सामान १८,४५०. जेवणाच्या डब्याचे ७,४००. एकूण २५,८५०. पॉलिशवाले चाचा २८,००० म्हणाले होते. म्हणजे नऊ आठवडे, साधारण ९६ तास आणि देवांचा हॉलमधला मुक्काम, एवढं करून वाचले २,१५०. त्यात सँडर घरात राहिला. नवरा म्हणतो तो मोजायला हवा.

२१ जुलै, रविवार

तीन आठवडे वापरून झाले म्हणून ही नोंद.

गडद रंगावर राप दिसत नाही, कणीक दिसते. पोळ्या झाल्या की खालच्या तीन खणांवर पांढरे हात उमटतात. ओलं फडकं फिरवलं की जातं. सिंकखालच्या दाराच्या तळकडेला मेलामाइन लावायचं राहिलं होतं, तिथे पाणी मुरून कड फुगायला लागली. दार काढून सुकवून तिथे दोन हात दिले. कडा विसरू नका, विशेषतः खालची, जी उभ्याने दिसत नाही.

सहा नंबरचं दार फ्रिजच्या शेजारी, सावलीत आहे. पाहुण्यांना कळत नाही. मला रोज दिसतं.

देव परत कोपऱ्यात आले. वरच्या कपाटाखाली दिव्याची पट्टी लावली, ८५० रुपये, हिशेबात धरलेली आहे. पहिल्या दिवशी आईंनी ती लावली, ओट्यावर हात फिरवला, जुन्या मुठीखालचं ते गोल जिथे होतं तिथे बोट टेकवलं आणि विचारलं, "ते पिवळं कुठे गेलं?" मी म्हटलं, "आतून आहे ना आई, दार उघडा." आतली बाजू मी रंगवलेली नाही. तिथली लाख तशीच आहे.

दोन नंबरचं दार पावसाने फुगून खाली घासतंय. नवरा रंधा घेऊन उभा होता, त्याला थांबवलं. आत्ता तासलं तर उन्हाळ्यात फट पडेल. दिवाळीनंतर बघू. उरलेला स्टेन अर्धा लिटर, घट्ट झाकण लावून माळ्यावर, थिनरपासून लांब ठेवलाय. डब्यावर मार्करने लिहिलंय: अक्रोडी ८, काळा १, निम्मा थिनर. आणि या वेळी मार्करवर विश्वास नव्हता म्हणून झाकणावर खिळ्यानेही कोरलंय.